मुलीच्या ताब्यासाठी पाचवा अर्ज करावा का?

प्रश्न : महोदया, आमचा घटस्फोट २०२१ साली नाशिकमध्ये झाला. आमची मुलगी आता दहा वर्षांची आहे. आदेशानुसार ती आईकडे राहते आणि दुसऱ्या व चौथ्या शनिवारी माझ्याकडे येते. भेटी आणि सुट्ट्या यांवरून आतापर्यंत चार अर्ज झाले, दोन माझे आणि दोन तिच्या आईचे. आता आईची बदली पुण्याला झाली असून मुलीची शाळाही तिथेच सुरू झाली आहे. गेल्या तीन महिन्यांत मला तिची एकच भेट मिळाली. मी ताब्यासाठी नवा अर्ज करावा, तोवर पोटगी थांबवावी आणि मुलीलाच न्यायाधीशांपुढे बोलू द्यावे, असे नातेवाईक सुचवतात. मुलगी मात्र ‘मला परत कोर्टात यायचं नाही’ असे म्हणते. मी काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी पोटगीविषयी लिहिते, कारण तिथे झालेली चूक लवकर भरून निघत नाही. ती रक्कम मुलीच्या निर्वाहासाठी आणि शिक्षणासाठी आहे, त्यामुळे आईवरची नाराजी तिच्यातून वळती करून घेता येत नाही. पोटगी थकली म्हणून भेट नाकारण्याचा अधिकार आईला नाही, तसाच भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवण्याचा अधिकार तुम्हालाही नाही. थकबाकीची वसुली तर होईलच, शिवाय उद्या भेटीसाठी तुम्ही न्यायालयापुढे उभे राहाल तेव्हा पहिला प्रश्न याच थकबाकीचा निघेल.

आता अर्जाविषयी. मुलांच्या ताब्याचा आदेश जमिनीच्या निकालासारखा कायमचा नसतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ नुसार घटस्फोटानंतरही मुलांचा ताबा, निर्वाह व शिक्षण यांविषयीचा आदेश बदलून मागता येतो, आणि असे आदेश परिस्थितीनुसार बदलू शकतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच स्पष्ट केले आहे. मुले ही आईवडिलांची मालमत्ता किंवा खेळणी नव्हेत, असेही त्याच निकालात म्हटले आहे. दहा वर्षांच्या मुलीच्या गरजा पाच वर्षांच्या मुलीसारख्या नसतात, म्हणून कायद्याने हे दार उघडे ठेवले. दुर्दैवाने त्याच दाराने दर दिवाळीला आणि दर मे महिन्याला नवा अर्ज आत येतो. तारखेच्या दिवशी गृहपाठाची वही मांडीवर घेऊन न्यायालयाच्या बाकावर बसलेली मुले मी इतकी पाहिली आहेत की, त्या अर्जाची किंमत केवळ वकिलाच्या शुल्कात मोजावी असे मला वाटत नाही.

तुमच्या बाबतीत परिस्थिती खरोखर बदलली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र आईची बदली हे भेटीचे वेळापत्रक बदलून मागण्याचे सबळ कारण आहे. तेवढ्यावर ताबा बदलण्याची शक्यता मला कमी दिसते, कारण हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ नुसार मुलीचे हित सर्वोपरी मानले जाते आणि इतकी वर्षे आईजवळ राहिलेल्या, नुकत्याच नव्या शाळेत रुळू लागलेल्या मुलीला पुन्हा हलवण्यात तिचे हित कसे, हे तुम्हाला दाखवावे लागेल. नाशिक ते पुणे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि केवळ शनिवारच्या भेटीसाठी हा प्रवास महिन्यातून दोनदा करणे मुलीलाच जड जाईल. म्हणून ज्या न्यायालयाने मूळ आदेश दिला तिथे वेळापत्रक बदलण्यापुरता अर्ज करा, चुकलेल्या भेटींच्या तारखा व त्यासंबंधीचे निरोप त्याला जोडा आणि त्या दिवसांची भरपाई मागा. महिन्यातून एकदा शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार असा मुक्काम, आळेफाट्यासारख्या मधल्या ठिकाणी मुलीला सोपवण्याची वेळ, आजारपणात किंवा परीक्षेच्या आठवड्यात चुकलेली भेट नेमकी कधी भरून द्यायची, दिवाळीची सुट्टी सम वर्षी कोणाकडे आणि विषम वर्षी कोणाकडे, मे महिन्याचा पहिला अर्धा भाग कोणाचा, व्हिडिओ कॉल कोणत्या वारी व किती वाजता, शाळेच्या पालकसभेची सूचना दोघांनाही मिळावी की नाही, हे सगळे त्यात लिहून मागा. व्हिडिओ कॉलद्वारे संपर्काला सर्वोच्च न्यायालयाने २०२० सालच्या एका निकालात स्पष्ट महत्त्व दिले आहे. चार अर्ज का झाले, याचे मला दिसणारे कारण असे की, तुमच्या मूळ आदेशात ‘दुसरा व चौथा शनिवार’ आहे, पण त्या शनिवारी सहल किंवा ताप आला तर काय, याचे उत्तर नाही.

हा मसुदा आधी मुलीच्या आईकडे पाठवा. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ९ नुसार तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे, म्हणून समुपदेशकांसमोर बसण्याची विनंती तुम्ही स्वतःही करू शकता. तिथे जुळलेल्या अटी तोंडी ठेवू नका. त्या संमतीच्या अटी म्हणून दाखल करून आदेशात याव्यात. आई तरीही भेट देत नसेल, तर अंमलबजावणीचा मार्ग आहेच, आणि तो अवलंबताना संकोच बाळगू नये.

मुलीने न्यायाधीशांपुढे बोलावे का? पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ नुसार, समजून मत देण्याच्या वयाच्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते आणि न्यायाधीश बहुधा मुलांशी आपल्या दालनात एकांतात बोलतात. पण तिला बोलवायचे की नाही, हे त्यांना ठरवू द्या. ‘बाबांकडे राहायचं आहे असं सांग’ असे घरून शिकवून पाठवलेले मूल दोन प्रश्नांत उघडे पडते आणि आईशी बेइमानी केल्याचे ओझे घेऊन घरी परतते.

तिने नकार स्पष्ट शब्दांत दिला आहे. पुढच्या कॉलवर तिला एवढेच सांगा की कोर्टात तुला मी नेणार नाही, आणि आपली पुढची भेट कधी हे मी आणि आई मिळून ठरवतो आहोत.