तीन डॉक्टर, दोन बाटल्या

"तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या, मॅडम. मी कोणाचं ऐकू?" बसायच्या आधीच तिने विचारलं. मालवणजवळच्या गावातली, नवरा ट्रॉलरवर, पोरगा अडीच वर्षांचा. महिन्याभरापूर्वी त्याला ताप येऊन गेला. तेव्हापासून ही रात्री तासातासाला उठून थर्मामीटर लावायची, अंग गार असलं तरी. सासूबाईंचं वाक्य डोक्यात बसलेलं: "ताप डोक्यात चढतलो."

पिशवीतून तिने दोन बाटल्या काढल्या. पहिल्या डॉक्टरांनी 5 मिली सांगितलेलं, दुसऱ्यांनी 3. मी लेबलं तिलाच मोठ्याने वाचायला लावली. दोन्हींत पॅरासिटामॉलच, पण एकीत 5 मिलीला 120 मिलिग्रॅम, दुसरीत 250. म्हणजे पोटात जाणार 120 किंवा 150. एका वेळचा डोस किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम असतो. पोराचं वजन 11 किलो, म्हणजे 110 ते 165. दोघंही बरोबर होते! "मग मला कुणी सांगितलं का नाही?" ती चिडली, आणि मला ते आवडलं. खरी भीती वेगळीच होती: दुसरी बाटली पहिलीच्या मापाने दिली असती तर 250 गेलं असतं.

तिसऱ्यांचं मात्र जुळेना. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही तापाची दोन औषधं आळीपाळीने, गार पाण्याने अंग पुसा, "नाहीतर आकडी येईल". मी डॉक्टर नाही, म्हणून आमच्या बालरोगतज्ज्ञांना तिच्यासमोरच फोन लावला. ते म्हणाले, तापाचं औषध मुलाला बरं वाटावं म्हणून. आकडी त्याने टळत नाही. तापातली साधी आकडी सहसा मेंदूला इजाही करत नाही. गार पाण्याने मूल कुडकुडतं, एवढंच. आळीपाळीत वेळा चुकतात. पावसाळ्यात तर डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन नकोच.

पालकांच्या या धास्तीला 1980 मध्ये बार्टन श्मिट या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी 'फीव्हर फोबिया' म्हटलं. पुढच्या पाहण्यांत ती डॉक्टरांतही सापडली. समोर रडवेली आई बसली की पेन आपोआप जास्त लिहितं, असं मला वाटतं.

थर्मामीटर सोडून काय बघायचं, ते तिने वहीत लिहून घेतलं. पाणी पितो का, लघवी होते का, ताप उतरल्यावर खेळतो का. धाप, ग्लानी, मान ताठ, अंगावर पुरळ, पाच मिनिटांहून लांबलेली आकडी: लगेच दवाखाना. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 ताप आला तरी लगेच. डेंग्यूत ताप उतरतानाच जपायचं, हे वाचून ती थबकली.

गणपतीत पोराला पुन्हा ताप आला, 102. तिने फोन केला, आवाज कापत होता, पण लेबल वाचून दाखवलं. मागे सासूबाई मीठ-मिरचीने दृष्ट काढत होत्या. काढू दे म्हटलं, त्याला डोस नसतो.