पिकअपच्या टपावर विंड डिफ्लेक्टर (हवा वर वळवणारी तिरकी पट्टी) लावला तर ट्रेलर ओढताना ॲव्हरेज वाढतं का आणि ट्रेलरचं डोलणं थांबतं का?

तुम्ही लिहिलंय की ट्रेलर २४ फुटी आहे, फोर्डची एफ-१५० पिकअप एकटी गॅलनला २० मैलांच्या आसपास देते आणि ट्रेलर लावला की ९-१० वर येते, शिवाय अल्टामाँट पास या बे एरियाजवळच्या घाटातल्या वाऱ्यात ट्रेलर डोलायला लागतो, म्हणून टपावर डिफ्लेक्टर आणि ट्रेलरच्या मागच्या कडेला एअरटॅब (हवेचा प्रवाह सुधारायला चिकटवायचे छोटे प्लास्टिकचे तुकडे) लावायचा विचार चाललाय. मी पण बे एरियातच (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) असतो, पिकअप-ट्रेलरची जोडी जवळपास तशीच. माझ्या मते ही दोन दुखणी वेगवेगळी आहेत, आणि डोलण्यासाठी तरी डिफ्लेक्टरवर एक डॉलर घालवू नका.

आधी ॲव्हरेजचं बोलू. पिकअपचा टप साडेसहा फुटांच्या आसपास, ट्रेलर दहा फूट उंच, म्हणजे वरची तीन-साडेतीन फुटांची भिंत सरळ वाऱ्यात. सेमी ट्रकच्या केबिनवरचा फेअरिंग (हवा वळवणारं गोलसर कवच) काम करतो कारण तो जवळपास ट्रेलरच्या उंचीचा असतो आणि ट्रेलर त्याला अगदी खेटून असतो. आपल्याकडे मध्ये साडेपाच फुटांचा बेड आणि त्यात ट्रेलरच्या टंगची (पिकअपला जोडायच्या पुढच्या दांड्याची) लांबी, त्यामुळे हवा डिफ्लेक्टरवरून उडते आणि मधल्या गॅपमध्ये खाली येऊन पुन्हा भिंतीवरच आपटते. बेडवर टॉपर (बेड झाकणारं टपासारखं झाकण) असेल आणि डिफ्लेक्टर त्याच्या मागच्या कडेला बसत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थोडंफार हाताला लागतं.

फुकटातली टेस्ट सांगतो. उन्हाळ्यात आय-५ हायवेने सेंट्रल व्हॅलीतून एक चक्कर मारा आणि ट्रेलरचं तोंड बघा, किडे जिथे चिकटलेत तिथे हवा थेट आदळतेय. आमच्या ट्रेलरचा खालचा भाग बऱ्यापैकी स्वच्छ राहतो आणि वरच्या कडेखाली पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचा पट्टा असतो (तो घासून काढणं हे वेगळंच काम). डिफ्लेक्टर लावल्यावर पट्टा नुसता वर-खाली सरकला तर पैसे पाण्यात.

खरा फायदा असतो तो ट्रेलरच्या स्वतःच्या आकारात. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर नासाच्या ड्रायडन सेंटरमध्ये एका व्हॅनला चौकोनी खोक्यासारखं करून चालवलं आणि मग कडा गोल करत गेले, तर नुसत्या पुढच्या कडा गोल करून ड्रॅग (हवेचा विरोध) निम्म्यावर आला. तिथले इंजिनिअर एड सॉल्ट्झमन सायकलने कामावर जायचे, शेजारून ट्रक गेला की आधी बाहेर ढकलले जायचे आणि मग आत ओढले जायचे, त्यातून हे डोक्यात आलं. म्हणून पुढचा ट्रेलर घ्याल तेव्हा गोल तोंडाचा बघा. एअरटॅबकडून आपल्या बोजड डब्याला फार अपेक्षा ठेवू नका. आणि ताशी ५५ मैलांच्या जागी ६५ ने गेलात की हवेचा विरोध जवळपास ४० टक्के वाढतो, तेवढं कुठलंच प्लास्टिक परत देत नाही. तसंही कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना लिमिट ५५ च आहे.

आता डोलणं. सॉल्ट्झमन यांना जे सायकलवर जाणवलं तेच सेमी ओव्हरटेक करताना तुमच्या ट्रेलरला होतं, आडव्या वाऱ्यात तर विचारूच नका, पण ट्रेलर नीट लोड केलेला असेल तर एक झटका देऊन शांत होतो. सतत डोलत असेल तर बहुतेक टंग वेट, म्हणजे टंगमधून पिकअपवर येणारं वजन, कमी असणार. ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवं, म्हणजे ६,००० पाउंडाचा ट्रेलर असेल तर ६०० ते ९००. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर सायकली टांगल्यात का? मागच्या वजनाने टंग वेट कमी होतं, आधी त्या काढा. मग सगळं सामान आणि पाणी भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ॲक्सलनुसार वजन देणाऱ्या वजनकाट्यावर) एकदा ट्रेलरसकट आणि एकदा नुसत्या पिकअपचं वजन करा, पिकअपच्या ॲक्सलवरच्या दोन वजनांतला फरक म्हणजे टंग वेट (टंगचं वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारा वेट डिस्ट्रिब्यूशन हिच असेल तर त्याचे बार सैल करून). डिफ्लेक्टरचे पैसे स्वे कंट्रोलवाल्या (डोलणं आवरणाऱ्या) हिचमध्ये घाला आणि टायरची हवा बघा.

आणि डोलायला लागलाच तर पिकअपचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा आणि ब्रेक कंट्रोलरने (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या डॅशबोर्डजवळच्या यंत्राने) हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायचा. तो लिव्हर न बघता हाताला सापडला पाहिजे, रिकाम्या पार्किंगमध्ये सवय करून घ्या.