'थँक्स डिअर'

"मॅडम, डिअर म्हणजे प्रियच ना?" नौपाड्यातल्या माझ्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा येतो की समुपदेशनाबरोबर इंग्रजीच्या शिकवणीचीही फी लावावी. जोडीदाराच्या फोनवर 'डिअर' दिसतं आणि झोप उडते.

कळव्याच्या या बाई (ओळख बदलली आहे) सरकारी कार्यालयात क्लार्क, नवरा ऐरोलीला आयटीत. त्याने एका सहकारी मुलीला 'थँक्स डिअर' लिहिलेलं वाचल्यापासून तो झोपला की या फोन तपासायच्या.

"पगारपत्रकात डीए असतो ना? त्यातलं डिअरनेस म्हणजे?"

"महागाई."

"शब्द तोच. मोलाचं ते डिअर, माणूस असो की कांदा. वकिलाची नोटीससुद्धा 'डिअर सर'ने सुरू होते. वडिलांना सा. न. वि. वि. लिहिताना दर वेळी लोटांगण घालायचात का?"

हसल्या. फोन तपासणं मात्र थांबलं नाही. मी आपली शब्दालाच उत्तर देत बसले होते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना मानणारी मी. घटनेपेक्षा आपण मनात तिच्याबद्दल जे बोलतो ते जास्त छळतं, यावर माझा विश्वास. चौथ्या भेटीत विचारलं, "मेसेज वाचलात तेव्हा मनात कुठलं वाक्य आलं?"

बराच वेळ पर्सची चेन उघडझाप करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिला एक शब्द तरी मिळाला. मला १६ वर्षं नुसतं 'अगं'. फोनमध्ये माझा नंबर 'घर' नावाने आहे."

तिथे गाठ सुटली. संशयाखाली मागणं दडलेलं होतं, आणि ते ऐकू येण्यासाठीच मी इतकी वर्षं कान तयार केलेत.

तुम्हालाही असा मेसेज दिसला, तर तो माणूस आणखी कुणाकुणाला 'डिअर' लिहितो ते आठवा. नावाआधी आलेलं 'डिअर' बहुधा शिष्टाचाराचं. सुटं आलं तर सलगी असेल, नाहीतर ऑफिसातली सवय. लपवाछपवी असेल तर ती वागण्यातही दिसते. एका शब्दावर निकाल देऊ नका. आणि चोरून वाचण्यापेक्षा स्वतःला काय हवंय ते मागा. "मला नावाने हाक मार" हे "ती कोण?" यापेक्षा अवघड वाक्य आहे, म्हणून माझ्यासमोर चारदा म्हणवून घेतलं.

त्यांनी ते घरी म्हटलं. नवरा गोंधळला. "निघालो की घरी फोन करतो, म्हणून घर," एवढंच त्याचं स्पष्टीकरण. मग विचारलं, "तुला डिअर म्हणू का?"

"नको. डीए ऑफिसात मिळतो."