ओट्यावरून पार्सल नेले, तर शिक्षा किती?

प्रश्न : घरातले आम्ही दोघेही नोकरीला जातो. सासूबाईंसाठी मागवलेले, १,८५० रुपये आधीच भरलेले रक्तदाब मोजण्याचे यंत्र डिलिव्हरीवाल्याने ओट्यावर, चपलांच्या मांडणीमागे ठेवले आणि फोटो काढून तो गेला. वीस मिनिटांनी एक मुलगा ते खोके पिशवीत घालताना समोरच्यांच्या कॅमेऱ्यात दिसतो. ‘खोके तुमच्या हातात पडलेच नव्हते, मग चोरी कसली?’ असे शेजारी म्हणतात. हा गुन्हा होतो का? ती चित्रफीत कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावी का? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे चुकीचे आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवली की चोरी पूर्ण होते, आणि आपल्या ओट्यावर आपल्यासाठी ठेवलेले पार्सल आपल्याच ताब्यात असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) नुसार चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा दोषी ठरणाऱ्यास किमान १ व कमाल ५ वर्षे सक्तमजुरी आणि दंड आहे. मात्र आपले यंत्र ५,००० रुपयांच्या आतले आहे. गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला सामुदायिक सेवेची, म्हणजे न्यायालय सांगेल ते लोकोपयोगी काम विनामोबदला करण्याची शिक्षा होते. अशी चोरी अदखलपात्र असल्याने पोलीस नोंद घेतील, परंतु तपासासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागेल.

खरा प्रश्न ओट्याचा आहे. राहत्या इमारतीतल्या चोरीला कलम ३०५ नुसार ७ वर्षांपर्यंत कैद व दंड आहे, आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. खोके उंबऱ्याच्या आतून, व्हरांड्याचे दार उघडून नेले असते, तर हे कलम लावण्याचा आग्रह धरता आला असता. पण आपल्याकडच्या घरांचा ओटा बहुधा रस्त्याला उघडा असतो आणि तो इमारतीचा भाग नाही, असा युक्तिवाद बचाव पक्ष हमखास करतो. म्हणून फिर्यादीत ओट्याला कठडा, जाळी वा फाटक आहे की नाही, हे जसेच्या तसे लिहा.

चित्रफीत ग्रुपवर मुळीच टाकू नका, हे मी कळकळीने सांगतो. मुलगा १८ वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल, आणि अशा प्रकरणातील बालकाची ओळख उघड करणे हाच २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे: ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपली तक्रार रास्त असताना आपणच आरोपी होण्याची वेळ का आणावी? त्याऐवजी समोरच्यांना आजच विनंती करून मूळ चित्रण पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. न्यायालयात त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते.

पैशांसाठी मात्र चोर सापडण्याची वाट पाहू नका. आपल्या संमतीविना पार्सल उघड्यावर टाकून ‘पोहोचले’ अशी नोंद केली असेल, तर विक्रेत्याला लेखी कळवा. डिलिव्हरीवाल्याने काढलेला तो फोटोच आपला पुरावा आहे. दाद न मिळाल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी आयोगाचे शुल्क लागत नाही.