एमआरआयमध्ये मेंदूत एव्हीएम (धमन्या आणि शिरा थेट जोडल्या जाऊन झालेला रक्तवाहिन्यांचा गुंता) दिसलाय, तरी अँजिओग्राफी कशाला?

उपचार ठरवायचे असतील तर डीएसए अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांत एक्स-रेवर दिसणारा डाय सोडून केलेलं चित्रण) करावीच लागते. एमआरआय गुंता कुठे आहे ते दाखवतो. रक्त कुठल्या धमनीतून येतं आणि कुठे निचरतं, हे नीट कळतं ते डीएसएमध्येच. मांडीतून किंवा मनगटातून कॅथेटर (बारीक नळी) घालून डाय सोडला की, मधे केशवाहिन्याच नसल्याने शीर वेळेआधी भरलेली दिसते. हीच एव्हीएमची खूण. धमनीवर फुगा असेल तर तोही सापडतो. यावरूनच शस्त्रक्रिया, एम्बोलायझेशन (कॅथेटरमधून गुंता आतून बंद करणं) की रेडिओसर्जरी (गुंत्यावर नेमका किरणांचा मारा) ते ठरतं. (रेडिओसर्जरीत चिरफाड नाही, पण गुंता बंद व्हायला साधारण २-३ वर्षं लागतात, आणि तोवर रक्तस्रावाचा धोका राहतोच.) मात्र एव्हीएम कधी फुटलेलाच नसेल, तर नुसतं लक्ष ठेवणं हाही पर्याय असतो; तो डॉक्टरांना आवर्जून विचारा.