नवरा घरात परकर घालतो, काही प्रॉब्लेम तर नसेल ना?

मी समुपदेशनाचं काम करते, माझ्याकडे हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो पण असतो एकच. कुणाचा मुलगा बहिणीची ओढणी गुंडाळून फिरतो, कुणाची मुलगी ड्रेस अंगाला लावून घेत नाही, सगळे शर्ट भावाचेच घालते, कुणाचा नवरा बायकोचा गाऊन घालून झोपतो. बाकी सगळं बोलून होतं आणि मग खुर्चीतून उठता उठता हळूच विचारतात, मॅडम, हे काही वेगळं तर नाही ना? एका बाईंनी असंच विचारलं होतं, त्यांची गोष्ट लिहिते, दोघांना विचारूनच लिहितेय, फक्त ओळख पटू नये म्हणून गाव, काम, घरातले काही तपशील बदललेत.

त्यांना आपण वहिनी म्हणू आणि त्यांच्या नवऱ्याला भाऊ. घर गोव्यात डिचोली तालुक्यात, मागे लहानसं कुळागर, म्हणजे सुपारी, केळी, थोडी मिरी अशी बाग. वहिनींचं माहेर सावंतवाडीकडचं. भाऊ कुंडईला एका कारखान्यात फिटर, जाड कापडाची पँट, सेफ्टी शूज, आठ तास मशीनजवळ, वर येताजाता बाईक. घरात सासूबाई आणि अकरावीतला मुलगा.

वहिनी पहिल्यांदा आल्या तेव्हा पाऊस नुकताच सुरू झाला होता. मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, मे महिन्यापासून हे घरी आले की आंघोळ करून माझा जुना परकर घालतात, साडीच्या आतला सुती, नाड्याचा, आणि रात्री झोपेपर्यंत त्यातच असतात, मागे पंपाकडे जातात तेपण त्यातच, आधी मला वाटलं गंमत करतात मग वाटलं दोन दिवसांनी सोडतील, आता महिना होऊन गेला. त्यांनी मोबाईलवर सर्च केलं होतं आणि जे काही समोर आलं ते वाचून रात्रभर जागल्या होत्या. सासूबाई एकदाच बोलल्या होत्या, "हातात बांगड्यापण भर म्हणजे झालं," आणि त्या दिवसापासून मुलगा वडिलांबरोबर जेवायला बसत नव्हता.

मी विचारलं, ते काय म्हणतात? तर म्हणाल्या, ते म्हणतात बरं वाटतं. हे "बरं वाटतं" त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं.

खरं सांगते, त्या दिवशी माझ्याही डोक्यात पहिले प्रश्न आतलेच आले, लहानपण कसं गेलं, दोघांत जवळीक कशी आहे, काही लपवतायत का. इतकी वर्षं हे काम करून मीही "का बरं वाटतं" हा साधा प्रश्न विचारायच्या आधी "याचा अर्थ काय" यावर गेले होते. हे मला नंतर जाणवलं, आणि म्हणूनच लिहितेय.

पुढच्या आठवड्यात भाऊ एकटे आले. मी म्हटलं, मोकळेपणी सांगा, ते घातल्यावर नक्की काय वाटतं? ते जरा गप्प राहिले मग म्हणाले, "मॅडम, मला बाई व्हायचं नाहीये, मला फक्त खाज नको आहे."

दोन वर्षं त्यांना जांघेत गजकर्णाचा त्रास होता. गोव्यातली हवा तुम्हाला माहीतच आहे, पावसाळ्यात चार महिने काही म्हणता काही सुकत नाही, त्यात जाड पँट, घाम, बाईकची सीट. मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणायचे, लावली की दोन दिवसांत शांत, सोडली की दुप्पट. शेवटी चामडीच्या डॉक्टरकडे गेले तेव्हा कळलं की त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते पण बुरशी आत पसरतच राहते, आणि बरेच लोक वर्षानुवर्षं असंच चिठ्ठीशिवाय लावत राहतात. डॉक्टरांनी ते बंद करून पूर्ण कोर्स दिला आणि सांगितलं, सैल सुती कपडे घाला, जागा कोरडी ठेवा, कपडे उन्हात वाळवा.

मग लुंगी का नाही, मी विचारलं. प्रत्येकजण हेच विचारतो म्हणे. तर भाऊंनी मला खुर्चीवरून उठून दाखवलं, असं उकिडवं बसून पाट साफ करताना, दोन्ही हात चिखलात, लुंगी सुटली तर सावरणार कशी? बर्म्युडा घातली तर शिवण नेमकी त्याच जागी येते, चाललं की घासते. परकराला मधे शिवण नाही, खाली वारा खेळतो, आणि वर नाडा, एकदा गाठ मारली की विषय संपला. ते हे सांगत होते तसं एखादा मशीनचा पार्ट कुठे का बसवला ते सांगावं. पंधरा-वीस वर्षं फिटरचं काम करणारा माणूस, त्याने कपड्याकडेपण तसंच बघितलं होतं, काम काय आणि त्याला काय बसतं.

तरी मी त्यांना बाकीचं विचारलंच, कारण विचारणं माझं काम आहे. कधी वेगळं वाटतं का, आपण पुरुष आहोत हे खुपतं का, मनात काही दडवलंय का, झोप, भूक, कामात लक्ष. तसं काही नव्हतं. आणि हे मी वहिनींनाही नंतर स्पष्ट सांगितलं की समजा उत्तर वेगळं आलं असतं, समजा ते म्हणाले असते की मला बायकांचे कपडे आवडतात म्हणून घालतो किंवा मला आतून बाई असल्यासारखंच वाटतं, तरी तो आजार नसता. मग आपलं बोलणं वेगळं झालं असतं, लांबलं असतं, तुम्हाला त्रास झाला असता तर त्यावरही बोललो असतो, पण "बरं करायला" म्हणून मी त्यांना कुठे पाठवलं नसतं.

वहिनींनी विचारलं, हे तुम्ही मला धीर द्यायला म्हणताय का? नाही. आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्यात लिहिलंय की एखादा माणूस त्याच्या समाजातल्या नैतिक, सामाजिक किंवा सांस्कृतिक चालीप्रमाणे वागत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी 2022 पासून लागू झाली तिच्यातूनही वेशांतराशी जोडलेलं जुनं निदान काढून टाकलंय. वहिनींनी रात्री जे वाचलं होतं ते बहुतेक त्या जुन्या यादीतलंच होतं. मी दाखवलं, त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "आजार नाही हे पटलं. पण लोक काय कायदा वाचून हसतात का?"

यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. मी आपलं म्हटलं, अहो आपल्याकडे दशावतारात राणी कोण होतं, पुरुषच ना, रात्रभर सगळा गाव बघतो. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, ते स्त्रीभूमिका करायचेच की. वहिनी म्हणाल्या, "मॅडम, ते नाटकात. पडदा पडला की तेपण पँट घालून घरी जातात." बरोबर होतं त्यांचं. मोठमोठी उदाहरणं देऊन कुणाच्या पोटातली भीती जात नाही, तिथे त्यांच्या स्वतःच्या घरातलंच काहीतरी लागतं.

ते सापडलं तेपण सहज. मी विचारलं, तुम्ही घरात काय घालता? गाऊन. लग्न झाल्यापासून? नाही, लग्न झालं तेव्हा साडीच, पहाटे उठून साडी, चुलीकडे साडी, कुळागरात साडी वर खोचून. मुलगा पोटात असताना सातव्या महिन्यात पायाला सूज आली, साडीत अडकून अंगणात पडता पडता वाचल्या तेव्हा माहेराहून आणलेला गाऊन घातला. सासूबाईंनी महिनाभर तोंड फुगवलं, ही काय झोपायची वस्तू दिवसा घालून फिरते म्हणून. आणि आज? आज सासूबाई स्वतः गाऊनमध्ये असतात. गुडघे दुखायला लागले, साडी नेसताना वाकवेना, एक दिवस त्यांनीच सांगितलं माझ्यासाठीपण दोन आण.

आणि पोदेर, म्हणजे पाववाला, येतो तेव्हा? भोंपू वाजला की गेटपर्यंत गाऊनवरच जाता का? वहिनी म्हणाल्या, नाही, खांद्यावर टॉवेल टाकते. का? यावर त्या थांबल्या. टॉवेलने झाकलं काय जातं तसं, काहीच नाही, गाऊन गळ्यापासून पायापर्यंत आहे. पण टॉवेल टाकला की "मला माहितेय हा घरातला कपडा आहे" असं बघणाऱ्याला सांगितलं जातं. मुळात गाऊन आला सोयीसाठी, लोकांनी नावं ठेवली, मग टॉवेल आला, मग सवय झाली. हे त्या स्वतःच बोलल्या, मी नाही. मग बराच वेळ खिडकीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी शर्ट घातला असता यांचा, तर कोणी एवढं बोललं नसतं ना?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. बाईने पुरुषाचा कपडा घेतला की ती पुढे गेली म्हणतात, पुरुषाने बाईचा घेतला की तो खाली आला म्हणतात. सासूबाईंच्या बांगड्यांच्या टोमण्यात तेच आहे. बांगड्या त्यांच्या स्वतःच्या हातातही आहेत, आयुष्यभर त्या हातांनी घर ओढलंय, आणि तरी मुलाला कमी लेखायचं तर बांगड्याच आठवल्या. वहिनींना नवऱ्याची जी लाज वाटत होती त्यात थोडी लाज आपल्या स्वतःच्याच कपड्याची होती, आपला परकर म्हणजे कमीपणाची वस्तू, ही. ते कळल्यावर त्या रडल्या, आणि मलाही भरून आलं.

पण गोष्ट इथे संपली नाही. जुलैच्या शेवटी भाऊंचा त्रास परत उसळला. औषध चालू, कपडा सैल, तरी परत. आधीच घरात वाद आणि आता वहिनी म्हणाल्या, बघा, परकराचा उपयोगपण नाही. मी सहज विचारलं, धुऊन वाळवता कुठे? दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वहिनींनी तो दोरीवर घालायला नकार दिला होता, एवढा मळकट, तेलाचे डाग पडलेला परकर कोणाचा असं शेजारी विचारतील म्हणून. भाऊ तो रात्री धुवायचे आणि बाथरूमच्या दारामागे खिळ्याला अडकवायचे, सकाळी दमटच, संध्याकाळी तोच अंगावर. जुलैमधला गोवा आणि बाथरूमचं दार! बुरशीला याहून चांगली जागा कुठली?

बायांनो, हे आपल्याला नवीन नाही. आपले आतले कपडे, पाळीचे कपडे आपण साडीच्या खाली, टॉवेलच्या आड, कपाटामागे वाळवतो, ऊन लागत नाही आणि मग खाज, इन्फेक्शन. तेच त्या पुरुषाच्या वाट्याला आलं कारण त्याने आपला कपडा घेतला. लपवण्यासारखी वस्तू म्हणून ती लपली, आणि लपली म्हणून आजार राहिला.

मी त्यांना दुसरं काही सांगितलं नाही, फक्त एवढंच की तीन-चार परकर करा, म्हणजे रोज वाळलेला मिळेल, ऊन असेल तर उन्हात, नसेल तर इस्त्री फिरवून, टॉवेल सगळ्यांचे वेगळे, आणि डॉक्टरांचा कोर्स मधे सोडायचा नाही. परकर वहिनींचे नकोत, भाऊंच्या मापाचे नवीन शिवा. वहिनींनीच चौकड्याचं जाड सुती कापड आणलं, भाऊंनी एकच मागणी केली, मोबाईल आणि पान्यासाठी खिसा पाहिजे. शिवणाऱ्या बाईने खिसा लावून दिला आणि कोणासाठी ते विचारलं नाही, वहिनी मात्र घरून उत्तर तयार करून गेल्या होत्या.

मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आली. नणंदा येणार, त्यांची मुलं येणार, वहिनींना परत धडकी. यावर आम्ही तिघांनी बसून बोललो आणि भाऊंनीच ठरवलं, पूजेला धोतर, पाहुण्यांसमोर पँट, रात्री आपल्या खोलीत आपला कपडा. मी त्यांना हट्ट करायला सांगितलं नाही. सोयीसाठी घातलेला कपडा आहे, तो झेंडा म्हणून फडकवायची जबाबदारी कोणावर टाकायची नसते, ज्याला जेवढं झेपतं तेवढंच.

चवथीनंतर वहिनींचा फोन आला. दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन पडलं होतं आणि त्यांनी ते दोन परकर पुढच्या दोरीवर घातले, मुद्दाम नाही, मागच्या दोरीवर पाहुण्यांचे कपडे होते. मोठ्या नणंदेने विचारलं, एवढा उंच परकर कोणाचा ग? वहिनी म्हणाल्या, "तुझ्या भावाचा. त्याला जांघेत खाज यायची, ह्यात येत नाही." नणंद काही बोलली नाही, पण संध्याकाळी भांडी घासताना हळूच म्हणाली की तिच्या नवऱ्यालाही दोन पावसाळे तोच त्रास आहे आणि तो कोणाला दाखवत नाही. वहिनींनी तिला डॉक्टरांचं नाव दिलं.

सासूबाई अजून त्या विषयावर बोलत नाहीत, पण बांगड्यांचं परत काढलं नाही. मुलगा जेवायला बसतो. मित्र येणार असले की आधी सांगतो आणि भाऊ बर्म्युडा घालतात. त्याच्याशी माझं एकट्याशी बोलणं राहिलंय, बापाची लाज वाटली याचीच त्याला आता लाज वाटते असं वहिनी म्हणाल्या. परीक्षा झाली की येतो म्हणालाय.