शिवणीत माया ठेवा

प्रश्न : ताई, मला पाचवा महिना चालू आहे, चिंचवडला राहते आणि बँकेत काउंटरवर बसते. जुने कुर्ते पोटावर अडकायला लागलेत, जीन्सचं बटण लागायचं कधीच बंद झालं. मॉलमध्ये मॅटर्निटीचे कपडे बघितले तर एक साधा ड्रेस अठराशेला, आणि घातल्यावर मी उशीच्या अभ्र्यात शिरल्यासारखी दिसत होते. मग ऑनलाइन डबल एक्सएल कुर्ते मागवले तर ते खांद्यावरून खाली घसरतात. तीन-चार महिन्यांसाठी एवढे पैसे घालवणं जिवावर येतं पण रोज गबाळं जायलाही नको वाटतं.

उत्तर : अगं आधी महिने मोज. पहिल्या दोन बाळांसाठी कायद्याने पगारी रजा 26 आठवड्यांची आहे आणि त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. तू ते घेणार असशील तर ऑफिसला जायचे तुझे जेमतेम अडीच-तीन महिने राहिले, त्याला चार कुर्ते आणि दोन लेगिंग्ज पुष्कळ झाल्या. फक्त ते चार असे हवेत की बाळ झाल्यावर पाजतानाही चालतील, कारण पोट काही दुसऱ्या दिवशी आत जात नाही आणि तेव्हा कपडे बघत फिरायला वेळ कुणाला असतो.

आता तुझ्या डबल एक्सएलचं. पोट वाढतं, खांदे वाढत नाहीत! छातीला थोडं सैल लागतं ते ठीक, पण खांदा आपल्याच मापाचा हवा, तो उतरला की कितीही महागाचा कुर्ता दुसऱ्याचा मागून आणल्यासारखा दिसतो. म्हणून छातीच्या लगेच खाली जोड असलेला आणि तिथून चुण्या किंवा कळ्या सोडलेला कुर्ता बघ. तुझ्या कपाटात कुणाच्या तरी लग्नात घेतलेला एखादा अनारकली असणारच, तो आधी काढ, बाजार नंतर.

माझं ऐकशील तर दोन कुर्ते शिवूनच घे. लक्ष्मी रोडला कटपीस चाळायला अर्धा दिवस काढ, मलमल किंवा रेयॉन घे, अडीच मीटर साधारण पुरतं पण घेर जास्त हवा असेल तर तीन घे. कापड आणलं की रात्रभर पाण्यात घालून ठेव, सुती आणि रेयॉन दोन्ही आटतात आणि आटलेला कुर्ता नेमका सातव्या महिन्यात दगा देतो. टेलरला सांगायचं की जोड छातीच्या बरोबर खाली दे, कमरेवर नको, आणि पुढची उंची मागच्यापेक्षा दोन-अडीच इंच जास्त ठेव. हे दुसरं कुणी सांगत नाही. पोट पुढे आलं की कापड वर उचललं जातं, माझा एक आवडता निळा कुर्ता आठव्यात पुढून शाळेच्या फ्रॉकसारखा वर गेला होता आणि मागून गुडघ्यापर्यंत, मी दिवसभर ऑफिसात तो खाली ओढत बसलेले. आणि शिवणीत माया ठेवायला सांग, दोन्ही बाजूंना इंचभर तरी, म्हणजे छाती भरली की एक टीप उसवायची, कुर्ता परत अंगाला. माझ्या टेलरने सफाई यावी म्हणून माया कापून इंटरलॉक मारून दिला होता, तो कुर्ता मग बहिणीला गेला. (शिवणीतल्या ह्या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे माया म्हणतात हे मला फार आवडतं.) गळ्यापासून त्या जोडापर्यंत बटणं लावून घे, किंवा चुण्यांमध्ये लपतील अशा दोन उभ्या चेन, पाजायचा प्रश्न तिथेच मिटला.

जुने सरळ कुर्ते टाकू नकोस. काखेच्या खालून कटपर्यंत शिवण उसवून दोन्ही बाजूंना जुन्या ओढणीच्या तिकोनी कळ्या घालून घे, प्लेन कुर्त्याला बांधणीची कळी तर मुद्दाम डिझाइन केल्यासारखी दिसते.

लेगिंग्ज मात्र खास गरोदरपणाच्याच घे, पोटावर पूर्ण चढणाऱ्या मऊ पट्टीच्या, किंवा पोटाखाली बसणाऱ्या. रुंद इलास्टिकची पलाझो पण चालेल, पण संध्याकाळी काढल्यावर कमरेवर लाल वळ उठला असेल तर ती नको. ब्रा घट्ट होत असेल तर मागे जोडायची हुकांची पट्टी मिळते, तुळशीबागेत विचार, अगदी थोडक्यात काम होतं. कप लहान पडायला लागले तर मात्र सरळ नवीन घे, तिथे काटकसर नको.

प्रश्न : ताई, नागपूरला मे महिन्यात माझं डोहाळजेवण आहे. सासूबाईंची हिरवी पैठणी नेसायची असं ठरलंय पण ती जड आहे आणि ब्लाउज आत्ताच होत नाहीये. शिवाय त्या म्हणतात पोट दिसेल असं काही घालू नकोस, दृष्ट लागते. मला तर पोट दिसेल असे फोटो हवेत!

उत्तर : मे महिन्यात नागपूर आणि वर पैठणी, तुझ्या हिमतीला सलाम. पैठणी ओटी भरेपर्यंत आणि झोपाळ्यावरच्या फोटोपुरती नेस, तासभर, आणि मग हिरवीच पण सुती इरकल किंवा कॉटन-सिल्क बदल. वाटीखालचं पेढा-बर्फी उघडायला, उखाणे घ्यायला, जेवायला हलकी साडीच बरी. सासूबाईंना आधी सांगून ठेव म्हणजे ऐन वेळी चेहरे नकोत.

ब्लाउज आतून उलटा करून बघ, जुन्या टेलरनी बाजूला दोन-तीन टिपा मारलेल्या असतात, बाहेरची राहू दे आणि आतली उसव. नाहीच झाला तर सोनेरी किंवा मरून रंगाचा स्ट्रेचेबल तयार ब्लाउज घे, वर फुलांचे दागिने आले की खाली ब्लाउज कुठला ते कोण बघतंय. परकराची नाडी पोटावर नको, पोटाखाली बांध, किंवा नेफ्यात नाडीऐवजी रुंद इलास्टिक घालून घे. साडी घोट्याच्या वर ठेव, निऱ्यांत पाय अडकून पडायची वेळ नको.

दृष्टीचं म्हणशील तर त्यांना मीठ-मोहऱ्या उतरवू दे, त्यांचं समाधान होईल. आणि फोटो तू पदर एका बाजूला घेऊन काढ, साडीत पोट जितकं छान दिसतं तितकं कुठल्याही गाऊनमध्ये दिसत नाही, असं माझं मत.

प्रश्न : माझी बायको सात महिन्यांची गरोदर आहे. घरात दिवसभर माझे टी-शर्ट घालते, मी तीन नवीन गाऊन आणले ते तसेच पडून आहेत. काय चुकलं? – ठाण्याहून एक नवरा

उत्तर : गाऊनचं कापड हातात घेऊन बघा, बहुतेक पॉलिस्टर निघेल. त्यात घाम जिरत नाही आणि गरोदरपणात उकडतं जास्त. पावती असेल तर बदलून सुती आणा, पुढून बटणांचे, आणि ह्या वेळी तिला बरोबर न्या. पाय सुजत असतील तर तिथेच मागे पट्टा असलेली सपाट चप्पल पण घ्या, संध्याकाळी जाऊन घ्या कारण सूज तेव्हा जास्त असते आणि सकाळी झालेली चप्पल रात्री होत नाही. टी-शर्ट मात्र आता परत मागू नका, ते गेले.